सण बघायला जायचंय का गाव बघायला, ते आधी ठरव

पत्र असं आलंय: "काकी, नमस्कार. आम्ही कोल्हापुरात कसबा बावड्यात राहतो. घरात सहा माणसं. मी, हे, मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ४ वर्षांची, आत्ती म्हणजे सासूबाई ६८ आणि मामा म्हणजे सासरे ७३ वर्षांचे. हे शिरोलीत एका फाउंड्रीत कामाला. वर्षाला फिरायला म्हणून ४५ हजार बाजूला पडतात, त्याच्यावर एक रुपया नाही. रील बघून बघून मला मैसूरचा दसरा, काशीची देव दिवाळी आणि कोलकात्याची दुर्गापूजा बघायची लय इच्छा झालीय. एका टूरवाल्यानं मैसूर दसऱ्याचे माणशी १४,५०० सांगितलेत. आत्ती म्हणतात घट बसलेले असताना घराला कुलूप लागणार नाही. हे म्हणतात ऱ्हाऊ दे, जोतिबाला जाऊन येऊ. दरवर्षी ह्याच वादात सुट्टी संपते. काय करू?"

अगं पोरी, तुझं पत्र वाचून मला आमच्याच घरातला पंधरा वर्षांपूर्वीचा सीन आठवला, फक्त तेव्हा रील नव्हते, पेपरातली रंगीत पुरवणी होती.

पहिल्यांदा तो टूरवाल्याचा हिशोब बाजूला ठेव. धाकटीला सोडलं तरी पाच माणसांचे ७२,५०० होतात, तुझ्या दीड वर्षाच्या पैशापेक्षा जास्त, आणि ते पण आत्ती आल्या तर, ज्या येणार नाहीत. तो विषय तिथंच संपला. पण तुझी खरी गोची पैशाची नाहीच. तू सण आणि ट्रीप एकाच पिशवीत भरायला लागलीयस, आणि पिशवी फाटायला लागलीय. मैसूरला तुला दसरा बघायचाय का मैसूर बघायचंय? काशीला दिवे बघायचेत का काशी? सणाच्या मुख्य दिवशी परक्या गावात गेलं की ना धड सण बघायला मिळतो ना गाव, फक्त गर्दी दिसते, आणि रूम त्या चार दिवसांत एरवीच्या दुप्पट-तिप्पट भावानं घ्यायची.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. आम्ही गेलोवतो काशीला, देव दिवाळीलाच, आमच्या सासूबाईंना घेऊन. ज्याच्याकडून गेलो त्यानं रूम घाटाजवळ म्हणून सांगितलेली, प्रत्यक्षात उतरवलं कुठल्या कुठं लांब, त्या दिवशी घाटाकडचे रस्ते गाड्यांना बंद, मग चालत, सासूबाईंचा गुडघा तेव्हाच गेलेला, त्या शेवटी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या तुम्ही बघून या, मी हितनंच हात जोडते. आम्ही पुढं गेलो तर माणसांच्या डोक्यावरून थोडा उजेड दिसला, नाववाल्यानं जो दर सांगितला त्यात आमचं परतीचं तिकीट आलं असतं. आणि गंमत बघ, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दशाश्वमेध घाटावर जी रोजची गंगा आरती असते ती आम्ही पुढं बसून, चहा पीत, एक पैसा न देता बघितली. सासूबाई शेवटपर्यंत काशी म्हटलं की त्या आरतीचंच सांगायच्या, देव दिवाळीचं नाव नाही.

आता तुला एक विचारते. देव दिवाळी असते कधी? कार्तिकी पौर्णिमेला. म्हणजे आपली त्रिपुरारी. त्याच दिवशी पहाटे आपल्या पंचगंगा घाटावर काय असतंय? बावड्यात राहून तू एकदा तरी मुलांना पहाटे उठवून नेलंयस का? हजारो पणत्या, रांगोळ्या, पाण्यात सगळं हलतंय, थंडी वाजतीय, आणि घरी येऊन सातला चहा. यंदा त्रिपुरारी २४ नोव्हेंबरला आहे, मंगळवार आहे, तुझ्या ह्यांना पहाटे घाटावर नेऊन ड्युटीला सोडता येतंय. आणि अंगात दम असला तर त्याच रात्री खिद्रापूर. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपाला वर गोल मोकळं आभाळ ठेवलंय, त्रिपुरारीला रात्री चंद्र बरोबर त्या गोलावर येतो, लोक खाली उभे राहून बघत असतात. मध्यरात्रीच्या सुमाराचा मामला आहे म्हणून धाकटीला झोपू दे आणि परतीची गाडी आधी ठरवून ठेव. ह्यासाठी कुणाला माणशी पैसे भरायचे नाहीत.

म्हणून माझा नियम असा: सणाच्या दिवशी घरात नाहीतर घराजवळ, आणि लांबचं गाव सण उतरल्यावर. आत्तींचं घटाचं म्हणणं मला तरी पटतंय. घट बसल्यावर रोज माळ बांधायची, दिवा तेवत ठेवायचा, ते शेजारणीवर टाकून जायचं म्हणजे त्यांचा जीव सगळा वेळ इकडंच. तशी माणसं घेऊन ट्रीप होत नाही, ओढाताण होते. आणि कोल्हापूरच्या नवरात्राला लोक कुठनं कुठनं येतात आणि आपण कुठं चाललोय? तिरुपतीहून अंबाबाईला शालू येतो, ललितापंचमीला अंबाबाई टेंबलाईला भेटायला जाते, तिथं कोहळा फुटतो, दसऱ्याला दसरा चौकात शाही सोहळा आणि सोनं लुटायची ती झुंबड. मुलाला खांद्यावर घेऊन बघायचं ते हे. यंदा दसरा २० ऑक्टोबरला आहे, मध्ये अधिक ज्येष्ठ येऊन गेल्यामुळं सगळंच उशिरा सरकलंय.

मग मैसूर? मैसूरचा राजवाडा फक्त दसऱ्यालाच उजळतो असं तुला कुणी सांगितलं? एरवी पण दर रविवारी आणि सरकारी सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी थोडा वेळ सगळे दिवे लावतात, जवळजवळ एक लाख बल्ब, आणि बाहेरून बघायचं. हत्तीवरची अंबारी तेवढी दिसणार नाही, ती खरंच फक्त दसऱ्याला, ते मान्य. पण ती मिरवणूक नीट बघायची तर पासवाल्या खुर्चीत बसायला लागतंय, नाहीतर तास न् तास उन्हात उभं राहून लोकांची डोकी. मामा ७३ चे आहेत, विचार कर. शिवाय दसऱ्याचं प्रदर्शन पुढं कित्येक आठवडे चालू असतं, पाळणे, खाण्याचे स्टॉल, मुलांना त्यातच रस. तू मैसूर पुढच्या वर्षावर ठेव, रविवार धरून. मंगळवारी तिथलं झू बंद असतंय एवढं लक्षात ठेव म्हणजे मुलगा रडणार नाही. मिरजेतून राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बंगळूर, तिथून दोन-तीन तासांत मैसूर. आत्तींना चामुंडेश्वरीचं दर्शन आहेच, डोंगरावर बस जाते.

कोलकात्याबद्दल थोडक्यात. आत्ता नको. सहा जणांना इथून जायचं-यायचं म्हणजे चार दिवस नुसते गाडीत, दुर्गापूजा येते नेमकी नवरात्रात, म्हणजे परत घटाचाच वाद. पुण्यात बंगाली लोकांच्या पूजा होतात, एखाद्या वर्षी माहेरच्या कुणाकडं गेलीस तर बघून ये, भोग पण खायला मिळतो. कोलकाता पोरं मोठी झाल्यावर.

आता यंदाचं काय, ते सांगते, कारण तुला "नको नको" ऐकून राग आला असणार. यंदा भाऊबीज झाल्यावर हंपीला जा.

हंपीच का? एक तर आपल्या स्टेशनातून हरिप्रिया एक्सप्रेस रोज सुटते, तिरुपतीची, ती होस्पेटवरून जाते. गाडी बदलायची भानगड नाही. दुपारी बसायचं, रात्री होस्पेट. परतताना सकाळी चढलं की संध्याकाळपर्यंत घरी. रात्रीची झोपमोड दोन्हीकडं नाही. होस्पेटपासून हंपी १३ किलोमीटर, एसटीसारख्या त्यांच्या बस सारख्या असतात. दुसरं, तिथं जेवण आपल्यासारखंच, जोळद रोट्टी म्हणजे आपली ज्वारीची भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी. मामांचं पोट बिघडणार नाही.

आणि तिसरं, आत्तींसाठी. त्यांना सांग की पंढरपूरचा विठोबा एकदा हंपीला गेलेला. कृष्णदेवराय घेऊन गेला आणि पैठणचे संत भानुदास, म्हणजे एकनाथ महाराजांचे पणजोबा, त्यांनी तो परत आणला अशी कथा आहे. हंपीत विठ्ठलाचं एवढं मोठं देऊळ आहे, कोरलेलं, खांबच्या खांब, आणि गाभारा रिकामा. मी तिथं उभी राहिले तेव्हा माझ्या बरोबरच्या एक आजी नुसत्याच रिकाम्या गाभाऱ्याला नमस्कार करून म्हणाल्या, बरं झालं बाबा परत आलास. तुझ्या आत्तींना ही गोष्ट आत्तापासूनच एखाद-दुसऱ्या दिवशी सहज सांगायला लाग, बघ दिवाळीच्या आधी त्याच विचारतात का नाही, कधी निघायचं ते.

मुलासाठी पन्नासची नवीन नोट खिशात ठेव. तिच्या मागं जो दगडी रथ आहे तो ह्याच विठ्ठल मंदिरात उभा आहे, नोट समोर धरून फोटो काढायचा, अर्धा तास त्यात जातो. पार्किंगपासून देवळापर्यंत बॅटरीवरच्या गाड्या आहेत, म्हाताऱ्या माणसांना चालवू नको. विरूपाक्षाचं देऊळ चालू पूजेचं आहे, तिथं सकाळी लवकर. तुंगभद्रेत टोपलीसारखी गोल होडी मिळते, पाणी जास्त असलं तर मात्र हट्ट करायचा नाही. दुपारी बारा ते साडेतीन कुठंही फिरायचं नाही, नोव्हेंबरात पण दगड तापतात, रूमवर येऊन झोपायचं. जे लोक एका दिवसात हंपी "कव्हर" करतात त्यांना काय दिसत असेल देव जाणे. पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, मोठ्यांना विठ्ठल मंदिराला ४० रुपये, म्हणजे तिकिटाचा खर्च नगण्यच.

आता तारखा, इथं नीट लक्ष दे. पूर्वी रेल्वेचं बुकिंग १२० दिवस आधी उघडायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलंय. तू १३ नोव्हेंबरला, शुक्रवारी, निघालीस तर बुकिंग उघडणार १४ सप्टेंबरला सकाळी आठ वाजता. १४ सप्टेंबर म्हणजे काय? गणेश चतुर्थी! आख्खं कोल्हापूर गणपती आणायच्या गडबडीत असणार, आणि दिवाळीच्या सुट्टीची गाडी ही, तू मात्र आठच्या ठोक्याला मोबाईल हातात घेऊन बसायचं. परत यायचं सोमवारी १६ ला. पण गंमत अशी की परतीची गाडी तिरुपतीहून आदल्या रात्री सुटते, आणि ६० दिवस मोजतात ते गाडी सुटायच्या तारखेपासून, तू कधी चढतेस त्यापासून नाही. म्हणजे तुझं १६ चं तिकीट १५ नोव्हेंबरच्या गाडीचं, ते उघडणार १६ सप्टेंबरला. हे माहीत नसल्यामुळं आम्ही एकदा एक दिवस उशिरा बसलो आणि जायचं तिकीट कन्फर्म, यायचं वेटिंग ३८. ऑनलाइन वेटिंगचं तिकीट चार्ट लागल्यावर आपोआप कॅन्सल होतं, मग सहा माणसं आणि चार बॅगा घेऊन रात्रीच्या बसनं उभं राहून आलो. म्हणून परतीचं तिकीट मिळालं तरच रूमचे पैसे भरायचे. आणि आयआरसीटीसीचं खातं आत्ताच आधारशी जोडून ठेव, बुकिंग उघडतं त्या दिवशी आधारवाल्या खात्यांनाच संधी आहे.

सगळ्यांचं तिकीट एकत्र काढू नको. आत्ती आणि मामांचं वेगळं काढ, दोघांचंच. खालच्या बर्थचा जो कोटा असतो, ६० च्या वरचे पुरुष आणि ४५ च्या वरच्या बायका, तो तिकिटावर एक किंवा दोनच माणसं असली तर लागतो. सहा जणांचं एकत्र काढलंस की मामा वरच्या बर्थवर चढताना दिसतील. ज्येष्ठांची रेल्वेतली सवलत २०२० पासून बंदच आहे, त्याची आशा धरू नको. धाकटीला तिकीट नाही, पाचच्या आत आहे. मुलाला बर्थ नको म्हटलं तर अर्धं तिकीट, बर्थ पाहिजे तर पूर्ण. दिवसाचाच प्रवास आहे म्हणून अर्ध्यावर भागतंय, पण तो नऊ वर्षांचा आहे आणि तासाभरात कुणाच्या तरी मांडीवर पाय देणार, तुझी सोशिकता बघून ठरव.

खर्चाचा अंदाज देते, तू तुझ्या हिशोबानं वर-खाली कर. स्लीपरनं माणशी एका बाजूचं तीनशेच्या आतबाहेर, म्हणजे सगळ्यांचं जाऊन-येऊन तीन हजारांच्या आसपास. होस्पेटला दोन साध्या रूम, तीन रात्री, दीड हजारानं ९ हजार. हंपीतच राहायचा मोह होईल पण म्हाताऱ्या माणसांना होस्पेट सोयीचं, बस स्टँडजवळ. दोन दिवस दिवसभराची रिक्षा, चार हजार धर, मोठी सहा माणसांची बघायची आणि आधी भाव ठरवायचा. जेवण सहा हजार. किरकोळ दीड हजार. साडेतेवीस. चोवीस म्हण. गाडीतलं जेवण घरचं न्यायचं, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, भडंग. भडंग जास्त घे, पहिल्या दिवशी बेळगावच्या आत संपतंय, आमचा अनुभव आहे.

उरले २१ हजार. त्यातले पाच-सात हजार वर्षभरातल्या एकेका दिवसाच्या फिरण्याला, आणि बाकीचे उचलायचे नाहीत, मैसूरचे म्हणून वेगळे ठेवायचे. एक दिवसाला एसटी बघ आणि हिशोब कर: तुला महिला म्हणून अर्धं, आत्तींना अर्धं, मामांना ६५ च्या वर म्हणून अर्धं, मुलाला अर्धं, धाकटी फुकट. पूर्ण तिकीट एकट्या तुझ्या नवऱ्याचं! (मामा ७५ चे झाले की त्यांचं फुकट.) आधार कार्ड सगळ्यांचं बरोबर पाहिजे, आणि ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच, कागलच्या पुढं कर्नाटकात गेली की संपली. कर्नाटकात बायकांना बस फुकट आहे ती पण तिथं राहणाऱ्या बायकांनाच, मी एकदा निपाणीत प्रयत्न करून कंडक्टरची बोलणी खाल्लीत, तू नको खाऊ.

मग वाडीला नरसोबा, बासुंदी आणि परत. आषाढीला पंढरपूर नाही जमलं तर नंदवाळ, दिंडीबरोबर थोडं चालता पण येतंय. मे संपता संपता राधानगरीकडं काजवे. पावसात एखादा रविवार गगनबावडा, पंचगंगेचं पाणी पात्राबाहेर नसेल तर. पन्हाळा तर आता जुलै २०२५ पासून जागतिक वारशात आहे, बाहेरनं लोक बघायला येणार, आणि आपण तिथं नुसतं झुणका-भाकर खाऊन येतो. एकदा मुलाला अंबरखाना नीट दाखव, धान्य कुठनं ओतायचे ते.

ह्यांच्या जोतिबाचं राहिलंच. ते म्हणतात त्यात चूक काही नाही, पण चैत्र यात्रेच्या मुख्य दिवशी धाकटीला घेऊन सासनकाठ्यांच्या गर्दीत नको. माघातले खेट्यांचे रविवार धरा, गर्दी तेव्हा पण असते पण उभं राहता येतं, गुलाल तेवढाच.

काशीचं मी विसरले नाही. आठवड्यातून एकदा कोल्हापूरहून धनबादची दीक्षाभूमी एक्सप्रेस जाते, ती दीनदयाल उपाध्याय म्हणजे जुन्या मुघलसरायला जाते, तिथून काशी जवळ. पण आठवड्याला एकच गाडी म्हणजे रजा लय लागणार, मैसूरनंतरच्या वर्षाला बघू. तोवर धाकटी पण स्वतःची पिशवी धरण्याएवढी होईल.

हे सगळं घरात एकदम सांगू नको. आत्तींना आधी विठोबाची गोष्ट, ह्यांना नंतर साडेतेवीस हजाराचा कागद. आणि १४ सप्टेंबरला सकाळी आठला तू मोबाईलवर असणार, म्हणून मोदकाचं सारण आदल्या रात्रीच करून ठेव.